गुरुवार, अकरा वाजता, वाल्स

८ मे २०११, रविवार

मार्लीसने आज जेवताना सहलीचा विषय काढला. अडतीस वर्षांच्या संसारात ती स्वतःहून "कुठेतरी जाऊ या" म्हणाल्याचं मला आठवत नाही, म्हणून लिहून ठेवतो. जर्मनी-हॉलंड सीमेवरच्या वाल्सच्या कस्टम चौकीवर चोवीस वर्षं पाळीची वही लिहिली. हद्दीवरची तपासणी उठली, चौकी बंद झाली, मला शहरातल्या कस्टम ऑफिसात टेबल मिळालं, त्यालाही अठरा वर्षं झाली. वहीची सवय मात्र सुटत नाही.

तिचा बेत असा. २३ जूनला ख्रिस्तदेहाचा सण, गुरुवार. शुक्रवारची रजा टाकली की चार दिवस सलग मिळतात. आखेनहून निघून हॉलंडमधलं मास्ट्रिख्ट, तिथून बेल्जियममधलं लिएज, मग ओयपेन, रविवारी घरी. तीन देश, पण सगळं अंतर मिळून माझ्या ऑफिसातली पोरं रोज गाडीने येतात-जातात त्याहून थोडं जास्त.

"याला सहल म्हणतात?" मी म्हणालो. "लोक माजोर्काला जातात."

"जाऊ देत. मला तांदळाचा तार्त खायचाय. हॉलंडचा, बेल्जियमचा आणि मग आपला, लागोपाठ. प्रत्येकजण म्हणतो आमचाच खरा. एकदाचा निकाल लावून टाकते." दूधभात भरलेला हा गोड केक हद्दीच्या तिन्ही बाजूंना मिळतो.

गाडी न्यायची नाही, बस आणि रेल्वेने जायचं, हीसुद्धा तिचीच अट. म्हणे, "गाडी चालवताना तू बोलत नाहीस. मला बोलायचंय."

कशाबद्दल ते काही सांगितलं नाही. सहलीत सांगेन म्हणाली.

१५ मे, रविवार

तक्ता तयार केला. सगळ्या बस-रेल्वेच्या वेळा, प्रत्येक बदलीला किमान बारा मिनिटं राखून. मला हे काम आवडतं, खोटं कशाला बोलू. मार्लीसने तक्ता पाहिला, पेन्सिल घेतली आणि सगळ्यात वर एक ओळ घुसवली: "गुरुवार, ११ वा., वाल्स."

वाल्स म्हणजे आमच्या दारातून शहर बसने पंधरा मिनिटं. तिथल्या रस्त्याचा दगडन् दगड मी ओळखतो. तिथे थांबून करायचं काय?

"माझा पहिला परदेश प्रवास तिथूनच झाला," ती म्हणाली.

ही गोष्ट आमच्या घरात जुनी आहे. युद्धानंतर कॉफी इकडे सोन्यासारखी होती आणि पलीकडे स्वस्त. माझी सासू बाबागाडीच्या तळाशी कॉफीच्या पिशव्या ठेवायची, वर गादी घालायची आणि गादीवर मार्लीस. पोर रडायला लागलं की कस्टमवाले कंटाळून जा म्हणायचे. त्याच सासूच्या मुलीने पुढे कस्टमवाल्याशी लग्न केलं, याबद्दल सासूने मला मरेपर्यंत माफ केलं नाही.

"पण अकरालाच का?" मी विचारलं. "शिवाय त्या दिवशी सुट्टी."

"सुट्टी आपल्याकडे. तिकडे सगळं उघडं असतं. हे मी तुला सांगायचं का?"

ते खरंच. त्या दिवशी सगळं आखेन पलीकडे खरेदीला लोटायचं आणि चौकीवर वर्षातली सगळ्यात लांब रांग लागायची. पण खरी अडचण वेगळीच. अकराला मी मिरवणुकीत असतो. फादर ज्या छत्राखालून प्रसाद घेऊन चालतात त्याचा मागचा उजवा दांडा अठरा वर्षं माझ्याकडे आहे.

"एक वर्ष नाही धरलास तर?"

"छत्राला चार दांडे असतात, मार्लीस, तीन नव्हे."

"बरं," ती म्हणाली. पण ती ओळ काही तिने खोडली नाही.

२१ मे, शनिवार

लाम्बेर्टचा वाढदिवस. छत्राचा मागचा डावा दांडा त्याचा, त्यामुळे वर्षातून एकदा आम्ही पावलाला पाऊल जुळवून चालतो आणि बाकी वर्षभर एकमेकांची पाठ दुखते का ते विचारतो. सगळ्यांनी आग्रह केला म्हणून मी डब्याची गोष्ट सांगितली.

सत्त्याहत्तर साल. वाल्सकडून एक म्हातारी चालत आली, पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. असा माणूस दिसला की थांबवायचाच. मी नेहमीचं विचारलं, "पिशवीत काय आहे?" बिस्किटांचा डबा होता. "आणि डब्यात?" म्हातारी म्हणाली, "माझा नवरा." पलीकडे राख घरच्यांच्या हातात देतात. आमच्याकडे ती दफनभूमीतच पुरावी लागते, घरी ठेवता येत नाही. मी तिला डब्यासकट परत पाठवलं आणि वहीत लिहिलं: "एक स्त्री, वय अंदाजे ७०. डबा, राख. परत पाठवलं." शेवटी मी म्हणतो, "नवऱ्याकडे परवानाच नव्हता." इथे लोक हसतात. आजही हसले.

मार्लीस मात्र मध्येच उठून बाहेर गेली. नंतर म्हणाली आत फार उकडत होतं. मी अंगात जाकीट घालून बसलो होतो.

२ जून, गुरुवार

येशूच्या स्वर्गारोहणाची सुट्टी. मार्लीसने मला कपडे धुण्याचं मशीन शिकवलं. कोणतं बटण, कोणती पावडर, लोकर का वेगळी. मी म्हणालो, तेवीस वर्षं हे मशीन माझ्यावाचून चाललंय. ती म्हणाली, "तुझ्यावाचून ते चालेलच रे." आणि हसता हसता तिला खोकला आला तो बराच वेळ थांबेना.

पाठ दुखते म्हणते. मी सांगितलं होतं, एकटीने बटाट्याचे वाफे खणू नकोस. बारीकही झाली आहे, पण या वयात बायका मुद्दाम होतात. दोन वर्षांपूर्वीच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सगळं ठीक असल्याचं लिहून दिलं, तो कागद फाइलमध्ये आहे. हल्ली दंतवैद्याकडे फार वेळा जाते. तेवढा दात काढून टाक म्हटलं तर ऐकत नाही.

१२ जून, रविवार

दोन गोष्टी.

एक. आमचं कुटुंबपुस्तक खणात नाही. लग्नाचा दाखला, युडिथच्या जन्माचा दाखला, सगळं त्यात. घरभर शोधलं. शेवटी मार्लीस म्हणाली, माझ्या हँडबॅगेत आहे, सहलीला नेतेय. मी म्हणालो, अगं, मास्ट्रिख्टला तार्त खायला लग्नाचा दाखला लागत नाही. आता तर हद्दीवर कुत्रं विचारत नाही. तिने पर्सची चेन लावून टाकली.

दोन. शुक्रवारी युडिथचा ब्रेमेनहून फोन, तोही ऑफिसात. ती ऑफिसात कधी फोन करत नाही.

"बाबा, आई जेवते का नीट?"

"जेवते. तिलाच विचार की."

"बाबा, ऐक. यंदा मिरवणूक सोड. आईबरोबर वाल्सला जा. एकदा नाही गेलास तर आभाळ कोसळणारे का?"

"आभाळ नाही, छत्र कोसळेल."

मला वाटलं हसेल. तिने फोन ठेवला. आई-मुलीने मिळून काहीतरी ठरवलेलं दिसतंय. बहुधा माझ्या पासष्टीच्या आधी एखादं सरप्राइज, आणि मला सरप्राइज आवडत नाही हे दोघींना पक्कं माहीत आहे.

१८ जून, शनिवार

दरवर्षी मिरवणुकीच्या आदल्या आठवड्यात मार्लीस रस्त्यावरच्या गालिच्यासाठी फुलांच्या पाकळ्या गोळा करते. यंदा तिने टोपल्या शेजारच्या बाईंना देऊन टाकल्या. हिवाळ्याचा चांगला कोटही. "मला मोठा होतो आता," म्हणाली.

संध्याकाळी दफनभूमीत आईच्या थडग्याला पाणी घालायला गेलो. शेजारी दोघांची जागा राखलेली आहे, म्हणजे पुढे आमची. मार्लीस झारी धरून उभी होती. म्हणाली, "आर्नोल्ड, इथे तुझ्या आईशेजारी मला तीस वर्षं पडून राहायला लावू नकोस. जिवंतपणी दहा वर्षं काढली, तेवढी पुरे."

मी हसलो. ती नाही हसली. मग म्हणाली, "मी स्वयंपाकघरातच बरी. खिडकीत. तिथून बाग दिसते."

मी म्हणालो, खिडकीत जिरॅनियम ठेवतात. तिने झारी उलटी करून उरलेलं पाणी रस्त्यावर ओतलं. तिला राग आला की ती काटकसर विसरते.

२३ जून, गुरुवार. मास्ट्रिख्ट

सकाळी मी काळा सूट घातला, तिने निळा झगा. दारात पुन्हा एकदा विचारलं, "येतोस?"

"दोन वाजता वाल्सच्या थांब्यावर भेटतो. तक्त्यात लिहिलंय."

"तक्त्यात अकरा लिहिलंय."

"ते तू लिहिलंस."

दहा-चाळीसच्या बसने ती एकटी गेली. मिरवणूक नेहमीसारखी झाली. तिसऱ्या वेदीपाशी मी सवयीने कोपऱ्याकडे पाहिलं, तिथे ती दरवर्षी उभी असते, आणि दांडा जरा कलला. लाम्बेर्ट कुजबुजला, "झोपलास काय?"

दोनला वाल्सच्या थांब्यावर ती बाकावर बसली होती, पर्स मांडीवर. काय केलंस एवढा वेळ, तर म्हणाली, "वाट पाहिली." माझं घड्याळ बरोबर होतं. मी एक मिनिटही उशीर केला नव्हता, तसं मी तिला दाखवलं.

मास्ट्रिख्टचा तार्त बरा होता. तिने दोन घास खाल्ले आणि सात गुण दिले. मग काटा खाली ठेवून म्हणाली, "आर्नोल्ड, मला तुला सांगायचं होतं ते..." पण तेवढ्यात उद्याच्या गाडीचा फलाट बदलल्याचं मला आठवलं आणि मी आधी ते सांगितलं, नाहीतर विसरलो असतो. नंतर मी विचारलं, तू काय म्हणत होतीस? ती म्हणाली, "राहू दे. उद्या."

२५ जून, शनिवार. लिएज

तक्ता कोलमडला.

काल लिएजला उतरून स्टेशनचा जिना चढताना तिला बसावंच लागलं. मी म्हणालो, सरकता जिना तिकडे आहे, तक्त्याच्या मागे नकाशा काढलाय. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी तक्ता घडी घालून खिशात ठेवला. आज सकाळी तिला हॉटेलच्या पलंगावरून उठता येईना. ओठ निळसर. डॉक्टर बोलावला.

तो फ्रेंचमध्ये बोलत होता. माझं फ्रेंच म्हणजे चौकीवरची चार वाक्यं: पिशवीत काय आहे, गाडी बाजूला घ्या, सही करा, जा. डॉक्टर मार्लीसशी पाऊण तास बोलला. बोलता बोलता पलंगाच्या कडेवर बसला, तिचा हात हातात घेतला, माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. तिने मान हलवली, नाही.

"काय म्हणतो?" मी विचारलं.

"थकवा आहे म्हणतो. घरी जा म्हणतो."

एवढ्याशा गोष्टीला पाऊण तास. फ्रेंच बोलणाऱ्यांचं हे असंच. पण दारातून जाताना डॉक्टरने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी लिहितोय, कारण लिहिलं नाही तर मला विचार करावा लागेल.

तार्त हॉटेलवाल्या बाईने वर आणून दिला. मार्लीसने त्याला नऊ गुण दिले, न खाता.

११ जुलै, सोमवार

सोळा दिवस काही लिहिलं नाही. मार्लीस इस्पितळात आहे. फुप्फुसं, पाठीचा कणा, यकृत. तिला मार्चपासून माहीत होतं. युडिथला एप्रिलपासून. दंतवैद्य असा कुणी नव्हताच.

मी डॉक्टरांना विचारलं, मला का नाही सांगितलं? ते म्हणाले, तुमच्या पत्नीची तशी इच्छा होती. मी चोवीस वर्षं अनोळखी माणसांच्या चेहऱ्यावरून ओळखत होतो की त्यांच्या गाडीत काय लपवलंय. माझी त्याबद्दल ख्याती होती.

१४ जुलै, गुरुवार

आज तिने पर्समधून कागद काढायला सांगितला. वाल्सच्या अंत्यसंस्कार करणाऱ्या श्रीमती होउबेन यांच्याकडचा. दहन पलीकडे, हेर्लेनला. राख कुणाच्या हाती द्यायची, तिथे माझं नाव, मार्लीसच्या अक्षरात. खाली दोन सह्यांच्या जागा. एक तिची, तारीख २३ जून. दुसरी रिकामी.

मला कळलं. सगळं एकदम कळलं, आणि तरी मी काय बोललो ते लिहायलाच हवं. मी म्हणालो, "मार्लीस, हे बेकायदेशीर आहे. राख इकडे आणता येत नाही."

ती डोळे मिटून पडली होती. तशीच म्हणाली, "ठाऊक आहे. ती डब्याची गोष्ट मी तीस वर्षं ऐकतेय. दर वेळी तू तिला परत पाठवतोस."

"आधी का नाही बोललीस?"

"घरी बोलले असते तर तू कायद्याचं पुस्तक काढलं असतंस. म्हटलं सहलीला नेऊ. पलीकडे गेलं की जरा तरी माणसात येशील."

मी म्हणालो, विचार करतो. विचार करतो म्हणालो, देवा. तिने फक्त "बरं" म्हटलं, मिरवणुकीच्या वेळी म्हणाली होती तसंच.

१९ जुलै, मंगळवार

आज पहाटे गेली. मी कॅन्टीनमध्ये होतो. युडिथ जवळ होती.

कागदावर सही झाली नव्हती. पाच दिवस तो माझ्या आतल्या खिशात होता. रोज वाटायचं, उद्या करू, तिच्यासमोर करू, ती जरा शुद्धीवर असताना. काल संध्याकाळी ती शुद्धीवर होती आणि मी तिला सांगत होतो की लोकर मी वेगळी धुतली.

२० जुलै, बुधवार

दहा-चाळीसच्या बसने वाल्सला गेलो. अकराला दारात होतो.

श्रीमती होउबेन साठीच्या आहेत. आमचीच बोली बोलतात. मी नाव सांगितलं तशा उठून आतल्या खोलीत घेऊन गेल्या. टेबल, कागद, दोन खुर्च्या. मी एका खुर्चीवर बसलो तर म्हणाल्या, "त्या दिवशी त्या या खुर्चीवर होत्या. ही तुमची."

मी जागा बदलली.

"दुसरी खुर्ची त्यांनीच मागवली होती," त्या म्हणाल्या. "म्हणाल्या, नवरा येतोय, जरा उशीर होईल, मिरवणुकीत आहे. मी कॉफी दिली. त्या सारख्या खिडकीतून बसकडे बघत होत्या. पाऊण वाजता म्हणाल्या, आता येत नाही तो, आणा, माझी सही घ्या."

पाऊण वाजता मी चर्चच्या अंगणात लाम्बेर्टबरोबर बीअर पीत होतो. मिरवणूक सव्वाबारालाच संपली होती. पुढची बस साडेबाराला होती, पण तक्त्यात दोन लिहिलं होतं.

मी सही केली. माझी सही चांगली ठळक आहे, हजारो कागदांवर केलेली. आज ती ओळखू येईना, म्हणून त्यांनी शेजारी नाव लिहून घेतलं.

"महिनाभर राख तिकडेच ठेवावी लागते, नियम आहे," त्या म्हणाल्या. "मग तुम्ही न्या. कुठे नेता ते मी विचारत नाही."

२५ जुलै, सोमवार

मार्लीसला घेऊन गाडी हद्दीपलीकडे गेली. जाताना सगळे कागद रीतसर होते, मी दोनदा तपासले. युडिथ माझ्याशी फारसं बोलत नाही. निघताना म्हणाली, "बाबा, आता तरी आणशील ना तिला?"

मी हो म्हणालो. तिचा विश्वास बसलेला दिसला नाही. माझाही पूर्ण नव्हता.

१५ ऑगस्ट, सोमवार

लाम्बेर्टला फोन करून सांगितलं, मागचा उजवा दांडा दुसऱ्या कुणाला तरी द्या. तो म्हणाला, इतकं मनाला लावून घेऊ नकोस, पुढच्या वर्षीपर्यंत सावरशील. मग म्हणाला, नाहीच कुणी मिळालं तर तिघांत निभावू. एक्क्याऐंशी साली ज्योसेफचा पाय मोडला तेव्हा तिघांनीच नेलं होतं, माहीत नाही का?

माहीत नव्हतं. मी तेव्हा चौकीवर होतो.

२६ ऑगस्ट, शुक्रवार

श्रीमती होउबेन यांनी तिला माझ्या हातात दिलं. साधं राखाडी भांडं, वाटलं होतं त्याहून जड. मी मार्लीसची कापडी पिशवी नेली होती, बाजाराची. त्यात ती नीट बसली.

समोरच्या दुकानातून अर्धा किलो कॉफी घेतली आणि पिशवीत वर ठेवली. पंचाहत्तर सेंटांचाही फरक नाही आता दोन्हीकडच्या भावात. सासूबाईंना पाहून बरं वाटलं असतं. तेव्हा खाली कॉफी असायची आणि वर मार्लीस.

बसमध्ये ड्रायव्हरच्या मागे बसलो, पिशवी मांडीवर. चौकी होती तिथे आता फक्त थांबा आहे. बस थांबली. काचेत माझं प्रतिबिंब दिसलं: ताठ बसलेला म्हातारा, नजर समोर, पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. चोवीस वर्षांत असा एकही माणूस माझ्या हातून सुटला नव्हता. मी उत्तर तयार ठेवलं होतं. जे म्हातारीने दिलं होतं तेच. तिचं नाव मी तेव्हा वहीत लिहिलंच नाही, आणि परत पाठवल्यावर तिने त्या डब्याचं काय केलं तेही मी कधी विचारलं नाही.

एक बाई उतरली. दार मिटलं. बस पुढे निघाली. कुणी काही विचारलं नाही, आणि मी तिथेच, भर बसमध्ये, रडलो.

घरी आल्यावर जिरॅनियम बाजूला करून खिडकीत जागा केली. तिथून बाग दिसते. बटाट्याच्या वाफ्यात तण माजलंय, उद्या काढतो.

नोंद: वाल्स, दुपारी २ वा. १० मि. एक पुरुष, वय ६३, पायी नव्हे, बसने. पिशवीत अर्धा किलो कॉफी आणि बायको. जाऊ दिलं.